सातव्या होलची लांबी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे बंदराचे मुख्य अभियंता साहेब, आपल्या क्लबच्या कार्यतत्पर चिटणीस बाई, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांचे काका, पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्या काकू, आजी-माजी सभासद, मैदानावरचा सर्व कर्मचारी वर्ग आणि बंधु-भगिनींनो,

चिटणीस बाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. बाई, आधीच सांगून ठेवतो, ती पुरणार नाहीत. आपण घंटी वाजवलीत तरी मी थांबणार नाही. त्याबद्दल माझ्यावर जी काय शिस्तभंगाची कारवाई करायची ती उद्या करावी.

नव्या सभासदांसाठी माझी ओळख. मी धंद्याने मोजणीदार. बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भावाभावांत बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की मला बोलवायचे. वीतभर जमीन इकडची तिकडे झाली तरी मला ती दुरून कळते, असं मी स्वतः सांगत असे आणि लोक विश्वास ठेवत. या गोल्फ क्लबचा मी अडतीस वर्षं सभासद आहे. यंदा मैदानाला एकशे दहा वर्षं झाली म्हणून कार्यकारिणीने मला मैदानाचा इतिहास लिहायला सांगितलं. मीही मोठ्या तोऱ्यात होकार दिला.

आणि काकांची ओळख? ती कोण करून देणार! वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण चार वर्षांच्या नातवापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे ते काकाच. छत्तीस वर्षं हेड माळी आणि त्याआधी चार वर्षं साधे माळी. या मैदानाला एकशे दहा वर्षांत अध्यक्ष झाले एकोणतीस आणि हेड माळी झाले फक्त तीन. पहिले, ज्यांचा फोटोसुद्धा आपल्याकडे नाही. दुसरे, काकूंचे वडील, म्हणजे काकांचे सासरे. आणि तिसरे हे.

निरोप समारंभात माणसाचे गुण सांगायचे असतात. मी यादी करूनही आणली होती. वेळेवर येणं, मितभाषीपणा, गवताची पारख. ती यादी खिशात आहे आणि खिशातच राहील. कारण गेल्या बुधवारी काका माझ्या घरी आले. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले. हातात एक कागद होता. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "साहेब, ही सही तुमची?"

सही माझीच होती. आपल्या सर्वांना ठाऊक आहे तो कागद कसला आहे. एकशे दहाव्या वर्षाच्या निमित्ताने सातवं होल मूळ नकाशाबरहुकूम करायचं, हिरवळ समुद्राच्या बाजूला वाढवायची, भराव घालायचा, त्यावर रोलर फिरवायचा, असं आपण ठरवलं. त्याचा आराखडा मी तयार केला. घरी बसून, जुन्या नकाशावरून, चहा पीत. येत्या सोमवारी काम सुरू व्हायचं आहे.

मी म्हटलं, "हो, माझीच. का हो काका?"

"मग एकदा टेप घेऊन चला," एवढंच ते म्हणाले.

आता मैदानाचा थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एकशे दहा वर्षांपूर्वी एक जहाजाचा कप्तान, एक डॉक्टर आणि बंदरावरचा एक इंजिनिअर अशा तिघांनी या वाऱ्यावरच्या माळावर खेळायला सुरुवात केली. इथे तेव्हा शेळ्या चरायच्या. स्वयंपाकघरातले रिकामे डबे वाळूत पुरून त्यांनी होल केली. सातवं होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्यापर्यंतचा पट्टा, त्यांच्या खास आवडीचं. मागे रस्ता, पुढे चारशे बारा यार्डांवर समुद्राचा कडा, आणि कड्याच्या टोकावर झेंड्याभोवतीची हिरवळ. चारशे बारा हा आकडा आपल्या स्कोअरकार्डावर आहे, दारावरच्या पाटीवर आहे, चहाच्या कपांवर आहे. माझ्या नातीला तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

बुधवारी मी टेप धरला. काका दुसऱ्या टोकाला. मोजणी झाली. तीनशे एकसष्ट.

मी म्हटलं, काका, टेप ओढला गेलाय. परत मोजलं. तीनशे एकसष्ट. घरी जाऊन पोलादी टेप आणला, ज्याने मी निम्म्या जिल्ह्याची भांडणं मिटवली तो. तीनशे एकसष्ट! बघा मंडळी, मी दोनदा टेपवर संशय घेतला, पण स्वतःच्या डोळ्यांवर एकदाही नाही. एक्कावन्न यार्ड जमीन गेलेली, आणि हा मोजणीदार तिच्यावर अडतीस वर्षं आठवड्यातून तीनदा चालत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका असतो का हो?

काका तिथेच गवतावर टेकले आणि सांगायला लागले. अडतीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी जेवढे शब्द ऐकले नव्हते तेवढे त्या तासाभरात ऐकले. समुद्र दर वर्षी कडा खातो. कधी बोटभर, कधी चार फूट, सरासरी वर्षाला दीड फुटाच्या आतबाहेर. आणि दर वर्षी वादळी दिवस सरले की मैदान पंधरा दिवस दुरुस्तीसाठी बंद असतं. आपल्याला वाटायचं, तेव्हा गवताला खत घालतात. त्या पंधरा दिवसांत हेड माळी सगळं सातवं होल आत सरकवायचे. हिरवळ, झेंडा, दोन्ही वाळूचे खड्डे, दीडशे यार्डांचं अंतर दाखवणारा दगड, बाक, सगळं एकाच मापाने. खड्ड्यापासून हिरवळ अकरा पावलं, तर सरकवल्यावरही अकराच पावलं. फक्त मागे रस्ता, त्यामुळे सुरुवातीची जागा हलवता येत नाही. म्हणून होल दर वर्षी थोडं आखूड होत गेलं. ही पद्धत पहिल्या हेड माळ्यांनी काढली, सासऱ्यांनी चालवली, जावयाने छत्तीस वर्षं सांभाळली.

मी विचारलं, "अहो, पण कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

काका म्हणाले, "साहेब, तुम्ही लोक चेंडू बघता."

आता मला सांगा, गेल्या दहा वर्षांत या दिवाणखान्यात आपण काय काय ऐकलंय? साठी उलटल्यावर आपला फटका लांब जायला लागला, हे कोण सांगत होतं? दंतवैद्य साहेब, आपण ते श्रेय मनगटाच्या व्यायामाला दिलंत. बँकेतले निवृत्त साहेब लापशीला देतात. आणि अध्यक्ष महाराज, क्षमा असावी, पण आपण तर बदललेल्या गुडघ्याबद्दल सर्जनला क्लबच्या कागदावर आभाराचं पत्र धाडलंत! हसा, हसा, मंडळी. मीही त्यातलाच. त्या भिंतीवर माझा फोटो आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सातवं होल दोन फटक्यांत. त्याची मी किती पाठ थोपटून घेतली हे माझ्या सौभाग्यवतींना विचारा. तो फोटो मी आज सकाळी उतरवला आहे. भिंतीवर चौकोनी डाग दिसतोय तो त्याचाच.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. मीही बुधवारी हसलो. मग काकांनी मला बाकापाशी नेलं.

हा बाक म्हणजे सातव्या होलचा, समुद्राकडे तोंड करून असलेला. निवृत्त झाल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथे बसतो. पंधरा दिवसांपूर्वी काकांनी तो वीस पावलं आत आणून ठेवला होता. मला समुद्र नीट दिसेना. मी काय केलं? लेखी तक्रार केली. "कर्मचारी परस्पर बाक हलवतात, हे शिस्तीला धरून नाही," अशी. चिटणीस बाईंनी तत्परतेने तो परत मूळ जागी ठेवायला लावला. काकांनी तो उचलून तिथे ठेवला.

बुधवारी त्यांनी बाकामागचं उंच गवत हाताने बाजूला केलं. खाली भेग होती. माझ्या तळहाताएवढी रुंद, आणि हिरवळीच्या कडेकडेने पार तिसऱ्या खड्ड्यापर्यंत गेलेली... चुकलो, दुसऱ्या खड्ड्यापर्यंत. माफ करा, अजूनही ते आठवलं की मला नीट मोजता येत नाही. मी चालायची काठी त्या भेगेत घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि खाली काही लागलं नाही. खालून लाटेचा आवाज मात्र वर येत होता. भेग बाकाच्या अलीकडे होती आणि बाक पलीकडे. म्हणजे ज्या तुकड्यावर मी रोज बसतो तो तुकडा जमिनीपासून सुटलेला आहे. मी काकांचा हात धरला तो परत रस्त्यापर्यंत सोडला नाही.

त्याच तुकड्यावर सोमवारी आठ टनांचा रोलर चढणार होता. त्यावर चालवणारा माणूस असणार होता. आणि त्या कागदावर सही माझी आहे.

बंधु-भगिनींनो, मी काकांवर चिडलो. खरं तेच सांगतो. म्हटलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही? तोंडाला कुलूप का लावलंत?" तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही इतिहास लिहिताय ना? मग सहाव्या वर्षाचं सभांचं मिनिट बुक उघडा."

उघडलं. मैदान सुरू झाल्यावर सहाव्या वर्षी वादळात पहिली हिरवळ वाहून गेली होती. त्यावेळच्या कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, तो असा: "यापुढे समुद्राने एक यार्डही जमीन घेतल्यास मैदान कायमचे बंद करून जागा कोळशाच्या वखारीस देण्यात यावी." खाली सगळ्यांच्या सह्या. तो ठराव कुणीही रद्द केलेला नाही. मी पुढची एकशे चार वर्षं पानं उलटली. अध्यक्ष महाराज, तो आजही लागू आहे. आपण विसरलो. पण मैदानामागच्या चाळीतली बावीस घरं विसरली नाहीत. ज्यांचं पोट या गवतावर आहे त्यांनी तो ठराव तोंडी पुढच्या पिढीला सांगितला. एक यार्ड गेल्याचं कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी एक्कावन्न यार्ड कळू दिले नाहीत.

बाई, मला घंटी ऐकू आली. अजून थोडंच राहिलं आहे, पण तेच सगळ्यात अवघड आहे.

ज्या वर्षी काका हेड माळी झाले त्या वर्षाचं मिनिट बुकही मी काढलं. नेमणूक कधी झाली ती तारीख हवी होती. तिथे हे सापडलं, जसंच्या तसं वाचतो. "हेड माळी पाय घसरून कड्यावरून पडून मयत. जावयास त्या जागी नेमण्यात आले. वर्धापन चषक स्पर्धा दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी सुरळीत पार पडली."

तीन वाक्यं. त्यातलं सगळ्यात लांब वाक्य स्पर्धेचं आहे.

काकांना विचारलं. ते म्हणाले, पंधरा दिवसांच्या बंदीतला तो शेवटचा दिवस होता. हिरवळ सरकवून झाली होती. कड्यावर जुन्या हिरवळीची हद्द दाखवणाऱ्या खुंट्या तेवढ्या उपटायच्या राहिल्या होत्या. त्या राहिल्या असत्या तर सकाळी सभासदांना दिसल्या असत्या, आणि काहीतरी सरकवलंय हे कळलं असतं. सासरे म्हणाले, "तू थांब, माझा हात बसलाय." काका हातगाडी धरून वीस पावलांवर उभे होते. दोन खुंट्या निघाल्या. तिसरीला कडा गेला. भर दुपारी, लख्ख उन्हात. ओरडायलाही वेळ मिळाला नाही, असं काका म्हणाले.

संध्याकाळी चाळीत जाऊन तेव्हाच्या चिटणीसांनी एकच विचारलं: "सकाळी सातवं तयार असेल ना?" आणि काका हो म्हणाले. कारण नाही म्हटलं असतं तर कडा कसा गेला, का गेला, किती गेला, हे सगळं निघालं असतं. पहाटे त्यांनी त्या हिरवळीवर दंताळं फिरवलं, पावलांच्या खुणा पुसल्या, झेंडा लावला. घरात रडारड चालू होती. सासऱ्यांचा देह दोन दिवसांनी मिळाला.

मी त्या स्पर्धेत खेळलो होतो. क्लबात येऊन मला दोनच वर्षं झाली होती. मंडळी, मी बुधवारपासून आठवून आठवून थकलो. त्या सकाळचा वारा कुठून होता ते मला आठवतं. माझा स्कोअर आठवतो, एकोणनव्वद. सातव्यावर माझा चेंडू होलच्या ओठावर थांबला म्हणून मी किती चरफडलो तेही आठवतं. पण आदल्या दिवशी तिथे माणूस गेला होता, हे मला कुणी सांगितलं की नाही, सांगितलं असेल तर मी काय म्हणालो, यातलं काहीसुद्धा आठवत नाही. इथे त्या स्पर्धेत खेळलेले आम्ही सहा जण आहोत. मी पाचही जणांना फोन केले. कुणालाच आठवत नाही. मी काही दुष्ट माणूस नाही. आपल्यापैकी कुणीच नाही. मग हे झालं कसं?

अध्यक्ष महाराज, हा माझा आराखडा. त्यावरची सही मी मागे घेतो आणि कागद आपल्या हाती देतो. सातव्यावर रोलर चढू नये. सहाव्या वर्षाचा तो ठराव आज, इथेच, रद्द व्हावा. सातवं होल तीनशे एकसष्ट यार्डांचं आहे, ते तसं पाटीवर लिहावं, आणि पुढच्या वर्षी तीनशे साठ झालं तर तीनशे साठ लिहावं. मैदान त्याने बंद पडत नाही. निवृत्तीच्या भेटीदाखल काय हवं, असं आपण काकांना विचारलं होतंत. त्यांनी घड्याळ नको म्हटलं, कारण त्यांना हेच हवं होतं, फक्त मागायचं कसं ते कळत नव्हतं.

आपण मान डोलावलीत. चिटणीस बाई, कृपया लिहून घ्या. अध्यक्ष महाराज, आपण उभे राहिलात तर सभागृहालाही दिसेल. आभारी आहे. आपले फार फार आभार.

आता काकूंबद्दल. काकू, तुम्ही परवानगी दिलीत म्हणूनच सांगतो.

शुक्रवारी मी काकूंना भेटायला चाळीत गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मोजणी करता ना? मग माझे बाबा कुठे पडले ते मला दाखवा." छत्तीस वर्षांत त्या सातव्यावर गेलेल्याच नव्हत्या. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी हिरवळीवर यायचं नाही, अशी आपली पाटी आहे. चाळीपासून सातवं चारशे पावलांवर आहे. आम्ही तिघं निघालो. गवताच्या कडेला त्या थांबल्या आणि मला विचारलं, "चपला काढू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रस्त्यापासून मोजत गेलो. जुना नकाशा, त्या वर्षाच्या खुंट्यांची काकांनी लिहून ठेवलेली मापं, सगळं जुळवलं. आयुष्यात इतकी काळजीपूर्वक मोजणी मी केली नव्हती. भेगेच्या बरंच अलीकडे आम्हाला थांबावं लागलं, कारण पुढे जाण्यात धोका होता, आणि त्याच्याही पुढे जमीन नव्हती. मी काकूंना हात करून दाखवलं. कड्याच्या पलीकडे सेहेचाळीस फूट. समोर मोकळी हवा आणि खाली पाणी. म्हटलं, "काकू, ती जागा आता उरलेली नाही. समुद्राने घेतली."

त्यांनी तिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथे आता कुणी खेळत नाही?"

म्हटलं, "नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं झेंडा फडफडलेला ऐकू आला की मला वाटायचं, लोक बाबांच्या अंगावरून चालतायत."

मंडळी, मी इथे थांबतो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, घंटी वाजूनही बसून राहिलात, त्याबद्दल सभागृहाचा ऋणी आहे. अध्यक्ष महाराजांचे, पाहुण्यांचे आणि माझ्यामुळे वेळापत्रक कोलमडलेल्या चिटणीस बाईंचे आभार मानतो. भाषणात काही उणंअधिक बोलून गेलो असेन तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. काका, काकू, तुमच्याकडे मात्र मी हे मागत नाही. छत्तीस वर्षांपूर्वी त्या सकाळी तुमच्या दारात यायला हवं होतं, तेव्हा मी चेंडू मारत होतो.